रंगाच्या बादलीतली अश्वगंधा

लग्नाच्या मांडवात मी नुसतं ‘माझं जेवण झालं’ म्हटलं, तरी आमच्या नात्यातली माणसं एकदा पंगतीकडे वाकून बघतात. दोष त्यांचा नाही. गेली चाळीस वर्षं मी त्यांना पुष्कळ माल पुरवला आहे. विक्रोळीच्या कारखान्यात सहा माणसांना न हललेलं लोखंडी दार मी एका खांद्यावर उचललं. मुलुंडच्या खाडीत धरलेल्या खेकड्याच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणून त्याला परत सोडला. आणि डोंगराकडच्या आमच्या जुन्या वसाहतीच्या पायऱ्यांवर भल्या सकाळी माझ्यासमोर बिबट्या उभा राहिला, तेव्हा मी त्याला मालवणीत ‘घराक जा’ म्हणालो, आणि तो गेला. हा बिबट्या मी इतक्यांदा सांगितला आहे की दर वेळी वीतभर वाढत त्याची शेपटी आता ठाण्याला टेकली असेल.

सगळे हसतात. बायको तर मी ‘बि’ म्हटल्याबरोबर उठून गॅस बंद करायला जाते, गॅस चालू नसला तरी.

हसत नसे ती एकटी ताई. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, आता दिंडोशीला राहते. मी काहीही सांगायला लागलो की ती हातातलं काम न थांबवता मान वर करायची आणि म्हणायची, “मगे?” एवढंच. मग पुढे काय झालं? या एका शब्दावर मी लहानपणापासून जगत आलो आहे. माणसाला टाळ्या नसल्या तरी चालतं, ‘मगे’ लागतं.

तर त्या मे महिन्यात मी बायकोबरोबर ताईकडे गेलो होतो. आदल्या वर्षीच्या तापाने तिची बोटं धरली होती. ताप गेला पण सांध्यांत काहीतरी ठेवून गेला. उजव्या हाताची मूठ पुरती मिटत नव्हती. आमच्याकडे बाईची मूठ मिटत नाही म्हणजे नारळ खवणता येत नाही, आणि नारळ खवणता येत नाही म्हणजे स्वयंपाकघरात तिचं काय उरलं. खवणीवर भावोजी बसायचे आणि नारळाबरोबर स्वतःची बोटं खवणायचे. तिच्या वैद्यबाईंनी सांगितलं होतं, थंडीत दुधातून अश्वगंधेचं मूळ घ्या, तुमच्याकडे आसकंद म्हणतात ते.

“बाजारात डबे मिळतात की पावडरीचे,” भावोजी म्हणाले.

“माका पावडर नको,” ताई म्हणाली. “पावडरीत काय दळलेला आसता ता कोणाक म्हायत?”

ती हळकुंडं आणून हळद करते, धणे डोळ्यांनी बघून निवडते. तिचा दळलेल्या कशावरही विश्वास नाही. मग मूळ आणू, असं भावोजी म्हणाले. आणि तेवढ्यात समोरच्या ताटलीतला आंब्याचा बाठा चोखत असलेला मी बोलून गेलो.

“बाजारात कशाला जाताय? माझ्याकडे झाड आहे.”

मला आजही शपथेवर सांगता येणार नाही की मी ते का म्हटलं. कारण असं काही नसतंच. जीभ रिकामी होती.

भावोजींनी खिडकीबाहेर बघितलं. बायकोने माझ्याकडे असं बघितलं की बाठा घशात अडकला. ताईने मात्र मान वर केली.

“तुज्याकडे झाड आसा? मगे?”

“मग काय, हे एवढं मूळ धरलंय,” मी हातभर अंतर दाखवलं. “संक्रांतीला आणून देतो.”

“बरा तर,” ती म्हणाली. “मगे मी बाजारातला घेणंय नाय. तुजाच घेतंय.”

परतताना रिक्षाने आरे कॉलनी ओलांडली. मग बायको म्हणाली, “खेकडा रडला, कुणाचं काही गेलं नाही. आता वन्सं औषध न घेता बसून राहणार तुमच्या झाडासाठी.”

ती बसून राहणार होती खरी. ताईने एकदा ‘तुजाच घेतंय’ म्हटलं की वैद्यबाई स्वतः मूळ घेऊन दारात आल्या तरी त्यांना चहा पाजून परत पाठवील. दुसऱ्या दिवशी फोन करून ‘झाड नाही, थट्टा केली’ असं सांगणं हा एक रस्ता होता. मी फोन हातात घेतला, आणि ठेवला. ठरवलं की यापेक्षा झाड उगवणं सोपं. साठीला आलेल्या माणसाने आयुष्यात एक तरी थाप खरी करून दाखवावी. संक्रांतीला आठ महिने होते.

बियांचं पाकीट मी दादरला जाऊन आणलं. बी म्हणजे काय, वांग्याच्या बीची धाकटी बहीण. चपटी, पिवळट, शिंकलात तर पाच-पन्नास उडून जातील एवढी. मी गॅलरीच्या ग्रिलमध्ये चार कुंड्या मांडल्या, रात्रभर भिजवलेलं बी पेरलं, आणि आमच्या घराण्याला झाडाविषयी जे एकमेव शास्त्र ठाऊक आहे ते सुरू केलं. पाणी.

आता हे समजून घ्या. आम्ही कोकणातले. आमच्याकडे भात पाण्यात उभा असतो, माड पाणी पितो, सुपारीला पाट काढून पाणी देतात आणि वरून चार महिने आभाळही काही हात आखडता घेत नाही. झाड आणि तहान या दोन गोष्टी आमच्या डोक्यात वेगळ्या होतच नाहीत. गिरणीतल्या पाळीवरून आलेले आमचे वडील आधी चाळीच्या कठड्यावरच्या तुळशीला तांब्या घालत आणि मग स्वतः पाणी पीत. तेव्हा मी सकाळी पाणी घातलं. बायकोने तुळशीचा उरलेला तांब्या रिकामा कशाला न्यायचा म्हणून कुंड्यांत घातला. दुपारी तिने तांदळाचं धुवण घातलं, कारण ते झाडांना चांगलं असतं. संध्याकाळी मला सकाळचं आठवत नसे म्हणून मी पुन्हा घातलं.

दहाव्या दिवशी कोंब आले. हिरवे, दोन-दोन पानांचे, माना वर केलेले. मी ताईला फोन करून सांगितलं की झाड माझ्या कमरेला लागतंय. विसाव्या दिवशी सगळे कोंब देठाशी काळे पडून आडवे झाले होते, जणू कुणीतरी रात्री येऊन एकेकाचे पाय कापून नेले. जूनची सुरुवात होती.

मी म्हटलं, ठीक आहे. उपाशी मेली. पोटाला हवं.

पाकिटात बी पुष्कळ होतं. दुसऱ्या खेपेला मी आमच्या समाजाचं ब्रह्मास्त्र काढलं. मासळीचं पाणी. ज्यांच्या घरी बांगडे धुतले जातात त्यांच्या कढीपत्त्याला कशाची उणीव नसते, हे मुंबईत कुठल्याही मालवणी गॅलरीत वर बघितलं की कळतं. मी बायकोला ताकीद दिली की मासे धुतल्याचं पाणी मोरीत गेलं तर घरात बोलाचाली होईल. बांगड्याचं पाणी, बोंबलाचं पाणी, कोलंबीच्या टरफलांचं पाणी, सगळं अश्वगंधेला. आषाढ संपता संपता गटारीला तर शेजारच्या दोन घरांतून मी डबे गोळा केले. चौथ्या मजल्यावर येणारे पाहुणे लिफ्टमध्येच विचारायचे, इथे कोळीवाडा कधी झाला?

पण झाड, साहेब. झाड असं फोफावलं की बस. पानं वांग्याएवढी, मग पपईएवढी. इथे बायको माझं हे लिहिलेलं वाचत असेल तर ती म्हणेल वांग्याएवढीच. असो. खोटं बोलायची गरज पडत नव्हती इतकी ती मोठी होती. मी ताईला खरोखरचं वर्णन फोनवर सांगितलं आणि ती म्हणाली, “मगे?” माझी छाती आपोआप पुढे आली.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात, मूळ किती झालंय बघू म्हणून मी त्यातलं सगळ्यात दांडगं झाड उपटलं. वर हत्ती, खाली उंदराची शेपटी. समईतली वातही जाड म्हणावी असा एक पांढरा धागा, बस. एवढ्या मासळीचं सगळं बळ पानांत गेलं होतं. आणि राहिलेल्या तीन कुंड्यांचा निकाल त्याच रात्री मांजरांनी लावला. गटारीपासून ती त्या वासाने वेडी झालेली होती. ग्रिलमधून शिरून त्यांनी माती अशी उकरली की सकाळी बघावं तर कुंड्या रिकाम्या आणि गॅलरीत मातीचा सडा, मधोमध एक बोका पाय चाटत बसलेला. मला बघून उठलासुद्धा नाही.

बायकोने झाडू आणला. म्हणाली, “सांगून टाका आता वन्संना.”

मी मेलेली झाडं पिशवीत भरून खाली कचऱ्याच्या डब्याकडे निघालो. गेटवर आमचा वॉचमन बसला होता. जालन्याकडचा, माझ्याच वयाचा. बिल्डिंगमध्ये सगळे त्याला मामा म्हणतात. त्याने पिशवीतून लोंबणारं एक पान दोन बोटांत धरलं, चुरगाळलं, नाकाला लावलं, आणि तोंड वाकडं केलं.

“काका, ही डोरगुंज हाय. हिला मच्छीचा वास कसा?”

मी म्हटलं, “ही अश्वगंधा आहे.”

“तेच. आमच्याकडं बांधावर असती. कुणी लावत नाही, कुणी पाणी घालत नाही. काय खाऊ घातलं तुम्ही हिला?”

मी सांगितलं. सगळं सांगितलं, तांदळाच्या धुवणासकट. मामा इतका हसला की त्याची टोपी पडली. मग डोळे पुसून म्हणाला, “काका, आयतं मिळालं तर ती मूळ कशाला खाली सोडील? वरच बसून खाईल. पाणी शोधायला लागलं तरच खाली जाती. तिला उपाशी ठेवा.”

उपाशी ठेवा. हे शब्द मला कळले, पण आत उतरायला वेळ लागला. आमच्या घरात पाहुण्याला उपाशी ठेवत नाहीत, मांजराला ठेवत नाहीत, कावळ्यालासुद्धा ठेवत नाहीत.

पाकिटाच्या तळाशी चमचाभर बी राहिलं होतं. तेवढंच. पुन्हा दादरला जाऊन आणता आलं असतं, पण मी मनाशी म्हटलं, नाही, या चमच्यातूनच. माणसाने स्वतःला परतीची वाट ठेवली की तो हळूहळू त्याच वाटेने चालायला लागतो.

कुंड्या बाद केल्या. शेजारच्या बिल्डिंगचं रंगकाम चाललं होतं, तिथून रंगाची एक रिकामी बादली मागून आणली, गुडघ्याला लागेल एवढी उंच. सळई तापवून बुडाला भोकं पाडली. निम्मी रेती, थोडा विटांचा चुरा, आणि पूर्वी जी माती मी टाकाऊ म्हणून फेकली असती ती माती. शेण नाही, खत नाही, मासळी तर नाहीच. मामाने येऊन मुठीत घेऊन बघितली आणि म्हणाला, “आता झाली गरीब.”

पेरायला बसलो तेव्हा पितृपक्ष चालू होता. बायको दारात उभी राहिली.

“या दिवसांत नवीन काही करत नाहीत.”

“नवीन कुठाय? तिसऱ्यांदा करतोय.”

“अहो, पितर बघत असतात.”

“बघू देत की. आपले पितर शेतकरी होते. मी चुकलो तर सांगतील.”

तिने कपाळावर हात मारला, पण अडवलं नाही. जाताना एवढंच म्हणाली, “मला पाणी घालायला सांगू नका म्हणजे झालं.” त्यावर मी म्हटलं, हेच तर सांगतोय.

बी रुजलं. दहा-बारा कोंबांतले तीन ठेवले, बाकीचे उपटले. आणि मग माझी खरी परीक्षा सुरू झाली.

छत्तीस वर्षं नोकरी केली, पण त्या ऑक्टोबरमध्ये पाणी न घालण्यासाठी मी जेवढे कष्ट घेतले तेवढे कारखान्यात कधी घेतले नाहीत. सकाळी डोळा उघडला की हात आपोआप मगाकडे जायचा. मग मी तो हात दुसऱ्या हाताने धरून चहाकडे न्यायचो. आठवड्याला एक वाटी पाणी, तीही माती बोटभर खाली कोरडी लागली तरच, असा नियम केला. नियम मी पाळला, पण घर पाळेना. बायकोने शपथ घेतल्यासारखं पाणी बंद केलं होतं, तरी तिसऱ्या दिवशी मला बादलीची माती ओली लागली. विचारलं तर म्हणाली, “थोडंसंच. सांडलं.” चौथ्या दिवशीही सांडलं. पाचव्या दिवशी तर तिने कबूलच केलं, “अहो, तुळशीला घालताना ही अश्वगंधा माझ्याकडे बघते. पाप लागेल.”

मग मी एक पुठ्ठा घेतला आणि त्यावर जाड अक्षरात लिहिलं, ‘विषारी औषध फवारले आहे. जवळ जाऊ नये.’ आणि तो बादलीला बांधला. खरं झाड वाढवण्यासाठी एक खोटी पाटी. देवाने हिशेब मांडला तर या दोन गोष्टी एकमेकींना काटतील असा माझा अंदाज आहे. बायको पदर नाकाला लावून लांबून जायला लागली. वरच्या मजल्यावरच्या बाई शुक्रवारी गॅलरी धुवायच्या आणि सगळं पाणी आमच्या ग्रिलवर यायचं. मी वर जाऊन म्हटलं, माझ्याकडे खाली मिरजेहून आणलेली सतार वाळत ठेवली आहे. त्यांनी मोठ्या आदराने बादलीऐवजी फडका वापरायला सुरुवात केली, आणि अजून त्या मला लिफ्टमध्ये रियाज कसा चाललाय विचारतात.

नोव्हेंबरच्या एका दुपारी बायकोने मला हाक मारली. झाडं मान टाकून उभी होती. पानं लोंबत होती, तिन्हीची. बघवत नव्हतं.

“गेली,” ती म्हणाली. “आता तरी घाला.”

मी मग भरला. भरलेला मग घेऊन गॅलरीच्या उंबऱ्यावर उभा राहिलो. तो हातात घेऊन तसाच जिन्याने खाली गेलो, लिफ्टची वाट न बघता, आणि मामाला विचारलं. त्याने आधी मगाकडे बघितलं.

“ते पाणी तुम्ही प्या, काका. ऊन उतरलं की ती उभी राहील. नाही राहिली तर मला शिव्या द्या.”

मी तिथेच स्टुलावर बसून मगातलं पाणी प्यायलो. आणि सूर्य इमारतींच्या मागे जाईपर्यंत घरी गेलो नाही. वर गेलो तेव्हा बायको गॅलरीत उभी होती, विषारी पाटीच्या अगदी जवळ. तिन्ही झाडं ताठ.

“उठली,” ती म्हणाली, जशी काही पोटची पोरं तापातून उठली. त्या दिवसापासून तिचं पाणी सांडणं बंद झालं. पाटीचं खोटं तिला कधीच कळलं होतं असं मला वाटतं.

पण संक्रांत आली. आणि झाड तयार नव्हतं.

मामाने सांगितलं होतं की खालची पानं पिवळी पडून गळायला लागली आणि फळं लाल झाली की मगच मूळ काढायचं. फळं धरली होती खरी, कागदी कंदिलासारख्या पिशवीत एकेक मणी, पण हिरवी. पितृपक्षात पेरलेलं संक्रांतीला कसं व्हायचं? दोन खेपा मी बुडवल्या होत्या, त्याचे महिने कोण भरून देणार.

आता मी काही साधुसंत नाही. संक्रांतीच्या आदल्या दिवशी मी काष्ठौषधींच्या दुकानात जाऊन अश्वगंधेची चार मुळं विकत घेतली. छान होती. पांढरी, सरळ, अंगठ्याएवढी. पँटच्या खिशात ठेवली आणि वरून तिळगुळाचा डबा घेऊन दिंडोशीला गेलो. ‘घे ताई, माझ्या झाडाचं मूळ’, एवढंच म्हणायचं होतं. औषध तेच, गुण तोच. कुणाला काय कळणार होतं?

ताईने दार उघडलं. तिने ओट्यावर दुधाचं छोटं पातेलं वेगळं घासून ठेवलं होतं. मला ते दारातूनच दिसलं. आणि हात खिशात होता तो खिशातच राहिला.

“ताई,” मी म्हटलं, “मूळ अजून झालं नाही. फळं हिरवी आहेत. होळीपर्यंत होईल.”

आयुष्यात पहिल्यांदा मी शब्दाला शब्द खरं बोलत होतो, आणि ऐकताना माझ्याच कानांना ते कमालीचं लंगडं लागलं. भावोजींनी तिळगुळ तोंडात टाकला.

“मेव्हणे, मे महिन्यात हातभर होतं ना? उलटं वाढतंय का काय?”

“तेव्हा झाडच नव्हतं, भावोजी. आता आहे. तीन आहेत.”

“तीन,” भावोजी म्हणाले. “झकास. पुढच्या वेळी जंगल होईल.”

मी ताईकडे बघितलं. मी वाट बघत होतो. तिने मान वर केली नाही. खाली बघूनच, मिटत नसलेल्या हाताने पातेलं उचलून फळीवर ठेवलं.

“आसांदे रे,” ती म्हणाली. “नसला तरी चलात.”

रागावली असती तर बरं झालं असतं. ती इतक्या मायेने बोलली की मला परतताना गोरेगाव कधी मागे गेलं ते कळलं नाही. साठ वर्षं जे एक दार माझ्यासाठी उघडं होतं ते तिने आवाज न करता लोटून घेतलं होतं.

घरी येऊन मी खिशातली चार मुळं काढली, दोऱ्यात ओवली आणि बादलीच्या समोर ग्रिलला टांगली. झाडांना म्हटलं, बघा, असं व्हायचंय. दुसऱ्या दिवशी बायकोने बादलीवर पडणारी सावली नको म्हणून स्वतःच्या वाळत घातलेल्या साड्या आतल्या खोलीत नेल्या.

फेब्रुवारी सरता सरता मणी पिवळे झाले, मग नारिंगी, मग असे लाल की चिमणीने येऊन दोन चोरून नेले. खालची पानं गळायला लागली. मामाला वर बोलावलं. त्याने बादलीला बोटाने टकटक केलं, जसं काही आत कुणी राहतंय, आणि म्हणाला, “काढा.”

मी मात्र काढलं नाही. माझ्यासारख्या माणसाने धुतलेलं मूळ नेलं तर ते कुठल्या दुकानातलं, हाच पहिला प्रश्न येणार. खोटारड्याला खरं सांगायचं असेल तर मातीसकट न्यावं लागतं. मी होळीच्या दिवशी अख्खी बादली उचलली.

वजन किती होतं ते मी सांगत नाही, कारण तुम्ही मानणार नाही. रिक्षावाला आधी नाही म्हणाला, मग पाटी वाचून तर साफच नाही म्हणाला. ती काढायची राहिली होती. दुसऱ्याने नेलं. आरेच्या रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला मी बादली मांडीवर उचलून धरली. बायको शेजारी बसून तिन्ही शेंडे दोन्ही हातांनी सांभाळत होती, आणि वळणावर तिनेच रिक्षावाल्याला दटावलं, “दादा, हळू. आत मूळ आहे.”

ताईच्या गॅलरीत भावोजींनी जुनी वर्तमानपत्रं पसरली. झाड बघूनच त्यांची थट्टा अर्धी जिरली होती. मी सुरीने बादलीच्या कडेकडेने माती सोडवली आणि बादली आडवी करून तिला थोपटलं.

“हळू रे,” ताई मागून म्हणाली. “मोडशीत.”

मातीचा गड्डा सरकत बाहेर आला आणि फुटला. मी हात लावणार तर तिने मला बाजूला केलं. पाटावर बसली, आणि आपल्या त्या अर्ध्या मिटणाऱ्या बोटांनी रेती बाजूला करत गेली. वेळ लागला. कुणी मदत केली नाही. पहिलं मूळ निघालं, मग दुसरं, मग तिसरं. तिसऱ्याचं टोक अगदी बुडाच्या भोकाशी जाऊन वळलं होतं. पाणी शोधायला गेलं होतं बिचारं.

तिने ते मोडून नाकाशी धरलं आणि डोळे बारीक केले. “घोड्यासारको वास येता,” ती म्हणाली, भावोजींच्या नाकाखाली धरत. “घेवा.” भावोजींनी वास घेतला आणि मान हलवली, जणू जन्म तबेल्यात काढला होता.

मग तिने सगळ्यात लांब मुळाला वीत लावली. लांबी मीही बघत होतो, सगळे बघत होते. एक वीत आणि चार बोटं. जाडी करंगळीएवढी. दुकानातलं याच्या दुप्पट होतं. यात मी एक बोटही वाढवलेलं नाही, हवं तर तिघांना विचारा.

तिने मुळं धुतली, चिरून तुकडे केले, सुपात पसरून उन्हात ठेवले. लाल मणी वेगळ्या वाटीत काढले. ती वाटी मला दिली आणि म्हणाली की तुज्या त्या मामाक दी. पुढे दुधातून ते मूळ घेऊन तिची मूठ किती मिटली, ते मी लिहिणार नाही. ते तिचं तिने सांगावं. माझ्या तोंडून आलं की लोक त्यातून निम्मं वजा करतील.

चहा झाला. सूप उन्हात होतं. ताई त्यातले तुकडे उलटेपालटे करत बसली होती. मध्येच तिने मान वर केली.

“मगे तो बिबटो पण खरो?”

भावोजी थांबले. बायकोने माझ्याकडे बघितलं. आणि आश्चर्य म्हणजे गॅसकडे गेली नाही. संधी अशी पुन्हा येणार नव्हती. त्या सुपासमोर मी हत्ती सांगितला असता तरी खपला असता.

“कुत्रो होतो,” मी म्हटलं.

कुणी हसलं नाही. ताईने एक तुकडा उलटला.

“पण केवढो,” मी म्हटलं.

“मगे?” ताई म्हणाली.